रविवारची सात वीस

"सात ओळींत तीनदा दिलगीर. एवढं दिलगीर माणूस असतं का कधी?"

बस डेपोच्या तक्रार-खिडकीच्या काचेतल्या गोल भोकातून आधी ही कुरकुर आत आली आणि तिच्या मागोमाग, खालच्या फटीतून, चार घड्यांचं पत्र. खिडकीमागे बसलेल्या बाईच्याच सहीचं. घड्या इतक्या काटेकोर, कडेवर कड, की माणसाकडे बघण्याआधीच तिनं ओळखलं... घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारे, आणि बस किती उशिरा आली याची मिनिटांसकट तक्रार गेली अकरा वर्षं दर महिन्याला लिहिणारे. खिडकीवर मात्र कधी आले नव्हते. पत्रांवरून वाटायचं, उंच असतील. प्रत्यक्षात भोकाशी तोंड आणायला टाचा वर करत होते.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं नको. मनात."

'रविवारी सकाळी सात वीसची बस बारा मिनिटे उशिरा आल्याने आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत...' स्वच्छ, गुळगुळीत. बोट ठेवायला कुठे जागा नाही. आणि मग बोट थांबलंच.

"रविवारी ती बस नसतेच," ती म्हणाली.

"नसतेच. तीन महिने मी न धावणाऱ्या बसची तक्रार करतोय. म्हटलं बघू, बाई कधी पकडतात."

शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारी फिसकन हसली आणि लगेच रजिस्टरात डोकं खुपसून बसली. हसण्याचं काही नाही... पण ते डोकं खुपसणं तिला लागलं.

"बसा बाकावर, काका. आत्ता देते उत्तर. हातानं लिहून."

खणात तळाशी पेन्सिल सापडली, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या खाली. एके काळी ही केसांत खोचलेली असायची. पाठकोऱ्या कागदावर कच्चा खर्डा, मग पक्का. खर्डा सुरू करताना काय लिहायचं ते तिला कधीच ठाऊक नसायचं. हात चालू लागला की दोन-तीन ओळींनी कळायचं, अच्छा, आपल्याला हे म्हणायचंय होय. एकदा असंच उमटलं होतं: 'आपल्या घड्याळाबद्दल आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती पुलापुढच्या चढाबद्दल.' यावर पुढच्या महिन्यात घड्याळजींचं उत्तर: 'चढ इतकी वर्षे तेवढाच आहे, बाई. वाढलेली आहेत ती कारणे.' ते पत्र तिनं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं होतं, आणि घरात ऐकवायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

मग कॉम्प्युटरमध्ये तो एआय आला. सुरुवातीला फक्त कंटाळवाण्या पत्रांना — हरवलेल्या छत्र्या, सुट्ट्या पैशांवरून तंटे. त्याचं उत्तर ती नीट वाचायची, एखादा शब्द फिरवायची. पुढे नुसतं चाळायची. पुढे... बोट दिलं की हात धरतात म्हणतात, पण त्यानं कुठे काय धरलं? मीच हात काढून दिला, वर आभार मानले. साहेब म्हणाले, भाषा सुधारली हो तुमची. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, काम कसं हलकं झालं. हलकं झालंच होतं. उचलायला काही उरलं नव्हतं.

दादाशी सहा महिने धुमसत होतं, तेव्हा त्यालाही पत्र तिथूनच गेलं. दोन्ही बाजू समजून घेणारं, शहाणं. दादाचं उत्तरही तसंच शहाणं आलं, इतकं की तेही एआयनंच लिहिलं असावं असा तिला संशय आला आणि तिनं तो बोलून दाखवला नाही. भांडण मिटलं. बोलणंही. पूर्वी तो निदान 'भवाने' म्हणून फोन आपटायचा.

कागदावर तिनं लिहिलं: 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

खोडलं. पुन्हा: 'आपण दाखविलेल्या सजगतेबद्दल...' — हे कोण बोलतंय? कॉम्प्युटर बंद होता. पडदा काळा, त्यात तिचाच चेहरा, आणि डोक्यात मात्र तीच गुळगुळीत रांग, एकामागून एक वाक्य, कुणी न बोलावता. त्या रांगेमागे मी कुठे तरी असेन. काय म्हणाले असते मी? टोमणा मारला असता? रागावले असते? मला आत्ता राग आलाय की लाज वाटतेय... तिला ठरवता येईना. आजवर ते ठरवायचं काम पेन्सिलच करत आली होती.

पाऊण तासानं ती बाहेर गेली. घड्याळजी बाकावर सरकले, जागा केली.

"झालं?"

"पेन्सिलीला टोक नव्हतं," ती म्हणाली. किती पटकन आलं हे, किती तयार. ते तिच्या हातातल्या टोकदार पेन्सिलीकडे बघत राहिले. आतून शेजारच्या टेबलावरची काचेशी आली होती.

"तुमची तीन पत्रं मी वाचली नाहीत, काका," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "त्यांना गेलेली उत्तरंही नाहीत. नुसत्या सह्या केल्या. आणि आता लिहायला बसले तर... येत नाही मला. काय वाटतंय तेच कळत नाही. गेलंय ते."

काचेमागची ती या खेपेला तिथून हलली नाही.

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे लेखी द्या," ते म्हणाले. "मी थांबतो. थांबायची सवय तुमच्याच बसनं लावलीय."

तिनं कागद गुडघ्यावर पालथा घातला. 'काका' असं लिहिलं. सरकारी पत्रात काका नसतो म्हणून खोडलं. पुन्हा काकाच लिहिलं. पुढचा शब्द नव्हता. पुढे काय येणार हे माहीत नसल्याची जुनी, विसरलेली धाकधूक तेवढी परत आली... आणि तिनं पेन्सिल कागदावरून उचलली नाही.