खिडकीजवळची एक जागा

वेबसाइट ही सर्वांची असते, यावर बोट कंपनीची साइट बनवणाऱ्या थ्रासिवुलोसची अढळ श्रद्धा होती. ही श्रद्धा बसून पाच महिने झाले होते. म्हणजे साइट अंधांनाही वापरता आली पाहिजे, या युरोपच्या नव्या कायद्याचं पत्र कंपनीच्या मालकाच्या टेबलावर पडलं तेव्हापासून.

मालकाने अट घातली होती: टेलिफोन ऑपरेटर कल्लिरोईबाईंनी कोणाच्या मदतीशिवाय तिकीट काढून दाखवलं, तरच साइट सुरू. बाई जन्मांध. ग्रीसमधल्या वोलोस बंदरातल्या कचेरीत सव्वीस वर्षं फोन घेत होत्या. दर पंधरा ऑगस्टला मेरीमातेच्या सणासाठी बहिणीकडे स्कोपेलोस बेटावर जात. तिकीट शेजारच्या टेबलावरचा ताकिस काढून देई आणि बाई कधी जाणार, कधी परतणार, हे कचेरीभर सांगे.

थ्रासिवुलोसने हातचं काही राखलं नव्हतं. संगणक वाचून दाखवेल म्हणून त्याने प्रत्येक चित्राचं वर्णन लिहिलं होतं. तीनशे बारा खुर्च्यांचंही, तिथून काय दिसतं त्यासकट.

बाई ऐकत होत्या. "पांढरी बोट, उजवीकडे सीगल, किंचित उदास. पोरा, तो उदास आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"वर्णन परिपूर्ण हवं ना, बाई."

"लग्न जमवतोयस का त्याचं?"

एकशे सदतिसाव्या खुर्चीवर तिकिटासाठी ठरलेली दहा मिनिटं संपली आणि साइटने बाईंना बाहेर काढलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. सीगलसुद्धा.

"आता तुम्हीच सांगा, आणखी किती पुढे जायचं मी?" थ्रासिवुलोस दुखावला होता.

"पुढे नको, मागे ये. खिडकीजवळची हवी की आतली, एवढं विचार. मी खिडकीजवळची म्हणेन. मग दे कुठलीही एक."

"खिडकीजवळची? पण तुम्हाला..."

"ऊन येतं तिथे. तुला लागत नाही?"

त्याने कान खाजवला आणि पाच महिन्यांचं गद्य एका दुपारी पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी उरले तीन प्रश्न आणि एक बटण. वेळ संपत आला की साइट आधी विचारत होती, अजून वेळ हवा का?

जास्तीचा वेळ लागलाच नाही. बाईंनी चार मिनिटांत तिकीट काढलं आणि शेजारच्या टेबलाकडे तोंड वळवलं. "यंदा कधी जातेय, ते विचारू नकोस रे, ताकिस."

मालकाने त्याच दिवशी साइट सुरू केली. छापील तिकीट मात्र कंपनीच्या तिकीट-खिडकीवरून, सकाळी नऊ ते एक, स्वतः येऊन न्यावं लागतं.