माझ्यावरचं नाव

मित्रांनो, मी थडग्यावरचा एक जुना दगड आहे, आणि खरं सांगू? मला तुम्हा माणसांची किळस आली आहे.

आयर्लंडमधल्या एका मठात माझा जन्म झाला. माइलान नावाचा साधू वारला, तेव्हा क्रोनान या त्याच्या मित्राने माझ्या मऊ अंगावर अक्षरं कोरली : ‘माइलानसाठी प्रार्थना करा.’ येणारा-जाणारा ते मोठ्याने वाचायचा. तेवढीच माइलानची मिळकत.

मग समुद्रावरून लुटारू आले. त्यांनी घंटा नेली. पुढे कित्येक वर्षांनी एका जमीनदाराने मठाच्या भिंती उचकटून गोठे बांधले. मला डुकरांच्या खुराड्यात पालथं घातलं. शी! वर डुकरांची घाण, खाली चिखल, आणि त्या चिखलात माझं तोंड. पण एक कबूल करतो : डुकरांनी एक अक्षरही पुसलं नाही.

पुढे फेस्टस या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते खुराडं पाडलं. गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून माझी अक्षरं वाचून घेतली आणि मला मठाच्या पडक्या भिंतीशी, आपल्या आजोबांच्या थडग्याशेजारी उभं केलं. गाईंना चरायला सोडताना तो टोपी काढून म्हणायचा, “काय माइलानबाबा, बरं आहे ना?” इतक्या शतकांनी कुणीतरी त्याचं नाव घेत होतं!

आमच्याकडे दरवर्षी एका रविवारी फादर थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी थडग्यांची घासाघाशी चालते. फेस्टसची बायको नोरीन तारेचा ब्रश आणि ब्लीच घेऊन आली. त्या उग्र वासापुढे मला डुकरं बरी वाटली. माझे पापुद्रे निघत होते आणि ही गाणं गुणगुणत होती.

“अगं, काय केलंस हे!” फेस्टस ओरडला.

“शेवाळ काढलं. गावासमोर नाक कापून घेऊ? बघ, दात घासल्यासारखा दिसतोय.”

“दात घासलेस, की उपटलेस? नाव कुठाय?”

नोरीनने माझ्यावरून बोट फिरवलं. मग ब्रश पाठीमागे लपवला.

रविवारी सगळे म्हणाले, “वा, काय स्वच्छ दगड!” फेस्टस टोपी हातात धरून उभा होता.

आता माझ्यावर एवढंच उरलं आहे : ‘प्रार्थना करा.’ लोक वाचतात आणि विचारतात, कुणासाठी?

मित्रांनो, जुन्या दगडाला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. शेवाळ राहिलं तरी चालेल. आणि त्या साधूचं नाव माइलान होतं. एकदा मोठ्याने म्हणा.