सतरा नंबरचा ठिपका

मी एका शोधनिबंधाचा जुना मसुदा आहे. अठरा पानं, डाव्या कोपऱ्यात पिन, आणि बाराव्या पानावर लाल शाईची एक रेघ. ती रेघ मला अजून दुखते असं सांगितलं तर मित्रांनो, तुम्ही हसाल. पण आधी ऐका.

सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. मला लिहिणाऱ्या सोनमताई जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आपल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे फार बारीक रेणू असतात. कोणत्या जनुकानं किती काम करायचं, यावर त्यांचा ताबा असतो. आतड्याला सूज आली की त्यांतले काही वाढतात, काही कमी होतात, आणि ते विष्ठेतही सापडतात. त्यावरून आतड्याचं दुखणं ओळखता येईल का, हे सोनमताई शोधत होत्या.

एकतीस जणांनी नमुने दिले. कुणी कुंडलचे, कुणी माणमधले, कुणी जतचे. प्रत्येकाचे दोन नमुने हवे होते. एक औषधाआधी, दुसरा तीन महिन्यांनी. नियमाप्रमाणे नावं झाकून नंबर दिले गेले. सतरा नंबर म्हणजे दगडाबाई, सोनमताईंची आत्या.

दगडाबाईंना चार वर्षं शौचावाटे रक्त जात होतं. लाजेपोटी त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं. भाची पोटाचंच शिकते म्हणून एकदा तिच्यापाशी हळूच बोलल्या. नमुन्याची डबी त्यांनी पदराखाली झाकून आणली.

“आगं, आसलं द्यायचं व्हय कुनाला?”

“आत्या, मला ह्येच पायजे. आत काय चाललंय ते ह्यातनंच कळतंय.”

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. इकडे सोनमताई माझी पानं भरत होत्या. मधूनच फोन लावायच्या.

“आत्या, गोळ्या घेतीस न्हवं?”

“घेती की. लय बरं हाय आता. तू तुजं लिवायचं बघ.”

सोनमताईंनी ते खरं मानलं. तसं मानणं सोयीचंही होतं, कारण मला संशोधनाच्या मासिकाकडे पाठवायची तारीख जवळ आली होती.

गोळ्या मात्र पहिल्याच महिन्यात संपल्या होत्या. नव्या आणायच्या तर त्या कशावरच्या, हे मुलाला, बिरदेवला, सांगावं लागलं असतं. दगडाबाईंना ते जमलं नाही. रक्त जातच राहिलं, आणि तिसऱ्या महिन्यात त्या मेंढरांमागे चालता चालता कोसळल्या. दवाखान्यात नेताना वाटेतच गेल्या.

त्याच आठवड्यात मी प्रिंटरमधून निघालो होतो, आणि माझी एक प्रत मासिकाकडे गेली होती. माझ्या आलेखात एकतीस ठिपके होते; ठिपका जितका वर, तितकी आतड्याची सूज जास्त. सतरा नंबरचा सगळ्यांत वर होता, एकटाच.

मासिकाच्या तज्ज्ञांनी कळवलं, ज्यांचा दुसरा नमुना नाही त्यांना वगळा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सोनमताईंनी लाल पेन हातात घेतला आणि त्या ठिपक्यावर रेघ ओढली. पुढं उरलेल्या तीस जणांच्या नमुन्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. विभागात पेढे वाटले. सोनमताईंनी पेढा घेतला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

मी कपाटावर गेलो, रिकाम्या खोक्यांखाली. माझ्या कोऱ्या पाठीवर कुणी फोन नंबर लिहिले. दोन वर्षं गेली.

मग एक दिवस बिरदेव प्रयोगशाळेत आला. उभ्यानंच त्यानं विचारलं, “आईनं तुज्याकडं कायतरी तपासाया दिलं हुतं म्हणं. काय हुतं गं?”

सोनमताईंनी काही लपवलं नाही. आजार सांगितला, गोळ्या सांगितल्या, फोन सांगितले. शेवटी म्हणाल्या, “मी येऊन बघायला पायजे हुतं, दादा. फोनवरचं खरं धरलं मी.”

बिरदेव म्हणाला, “एका घरात र्‍हाऊन मला कळलं न्हाई. तुला सांगलीत बसून कुठनं कळंल?”

सोनमताईंनी छापलेला निबंध बाजूला सारला आणि खोक्यांखालून मला काढलं. बारावं पान उघडून त्या लाल रेघेखाली बोट ठेवलं. “ह्यो ठिपका आत्याचा.” बिरदेवनं वाकून पाहिलं.

“ह्यो कागूद मला दे.”

“दादा, इंग्रजीत हाय.”

“असू दे. मला कुठं वाचायचं हाय?”

तेव्हापासून मी त्याच्या घरी फळीवर आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. धूळ लागत नाही. पण गेला महिनाभर मी पाहतो आहे, बिरदेव अर्धी भाकरी ताटात टाकून उठतो. भिंतीला टेकून पोट दाबून धरतो. बायकोनं विचारलं तर “पित्त झालंय” म्हणतो. या दुखण्याबद्दल ठाऊक होतं तेवढं माझ्या अठरा पानांत लिहिलेलं आहे. पण मला तोंड नाही, आणि इथं मला कुणी उघडत नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात कुणी असं जेवणावरून उठत असेल, तर विचारा. पोटाचं दुखणं सांगायला माणसं लाजतात. म्हणून फोनवर नको, शेजारी बसून विचारा. पहिलं उत्तर खरं धरू नका. आणि कधी जतकडं आलात, तर बिरदेवलाही विचारा.