पाठीवरची पट्टी

माझं ब्यूटी पार्लर आहे. दिवसभर लोकांची कातडी बघणं हाच माझा धंदा. कोणाची झोप झाली नाही, कोण चोरून सिगारेट ओढतं, कोण रडून आलंय, हे मला गालावरून कळतं. आणि तोंड फाटकं, त्यामुळे कळलं की बोलून मोकळी होते. अशा माझ्या नाकाखाली, माझ्याच घरात काय चाललं होतं ते सांगते. अजून माझा स्वतःचा विश्वास बसत नाही.

आईला कॅन्सर झालाय, हाडांपर्यंत गेलेला. बरं करणं आता हातात नाही, दुखू न देणं तेवढं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि पट्ट्या लिहून दिल्या. पोस्टाच्या तिकिटासारखी दिसणारी पट्टी छातीवर चिकटवायची, औषध कातडीतून आत जातं. दर तिसऱ्या दिवशी बदलायची. लावायचं काम माझं. जुनी पट्टी मात्र आंघोळीआधी आई स्वतःच काढून टाकायची. "तेवढं तरी करू दे गं मला. जिवंतपणी मढं नको करूस माझं," म्हणायची.

पण दुखणं काही हटेना. उशीत तोंड खुपसून कण्हायची आणि मी खोलीत गेले की "काही नाही, खोकला आला" म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी पट्टीची ताकद वाढवली. उपयोग शून्य. परत वाढवली. तरी आईच्या मुठीतून चादर सुटेना.

मग माझं डोकं सटकलं. मेडिकलवाला बनावट माल देतोय, अशी माझी खात्रीच झाली. भर दुकानात त्याची खरडपट्टी काढली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, पाकीट तुमच्यासमोर फोडतो. माल अस्सल आहे. उलट वापरलेलीसुद्धा उघड्यावर टाकू नका, तिच्यातही नशा उरते, लोक कचरा उपसतात त्यासाठी."

"कोण लोक?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

कोण लोक, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझा धाकटा भाऊ. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. आता नुसती हाडं उरलीत, नाव तेच राहिलं. लिफ्ट दुरुस्त करायचा, हातात कसब होतं. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि पाठ गेली. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. दुकानातून मिळेनात तेव्हा बाहेरून मिळवायला लागला. नोकरी गेली, बायको गेली. मी त्याला घराबाहेर काढलं आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

आईच्या आजारपणात मात्र तो दुपारी येऊन तिच्याजवळ बसायचा, तिचे पाय चेपायचा. मी पार्लरमध्ये असायचे. शेजारीण म्हणाली, "बघ, पोरगा ताळ्यावर येतोय." मलाही तसंच वाटलं. वाटायला काय जातंय.

त्या सकाळी नवी, सगळ्यात जोराची पट्टी घेऊन मी खोलीत गेले. आई कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आंघोळीचं तिला भानच नव्हतं. मी गाऊनचं बटण काढलं. पट्टी जागच्या जागी होती. पण तिची कड वेडीवाकडी होती, कात्रीने कापल्यासारखी. नखाने उचलून नाकाशी धरली तर कंबरदुखीच्या मलमाचा वास. कोणत्याही दुकानात मिळते ती साधी चिकटपट्टी, मापाने चौकोन कापलेली.

मी उशी उचलली. खाली माझ्या पर्समधली भुवया कोरायची कात्री. ती हरवली म्हणून मी पार्लरमधल्या मुलींना आठवडाभर फैलावर घेतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आई, हे त्याने केलं?"

"त्याला का बोलतेस?" आईचा आवाज एकदम ताठ झाला. "मीच काढून देते त्याला."

मला वाटलं, दुखण्यात बरळतेय.

"मग काय करू?" ती म्हणाली. "बाहेरून आणतो त्यात काय मिसळलेलं असतं, देव जाणे. त्याचे दोन मित्र गेले त्यात. ही निदान डॉक्टरांची तरी आहे. मी काय, आज आहे, उद्या नाही. त्याला अजून जगायचंय."

"आणि तू तडफडत राहायचं?"

"तडफडत नाही. दुखतं थोडं."

थोडं! मी किती बोलले, काय काय बोलले, आठवत नाही. रडत होते आणि बोलत होते. शेवटी तिला पालथं केलं, पाठ कोरडी पुसली आणि नवी पट्टी दोन्ही खांद्यांच्या मधोमध चिकटवली. तिथे तिचा हात पोचणं शक्य नव्हतं. वरून तळव्याने दाबून धरली. "आता काढून दाखव," म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ढब्बूने येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि पार्लरला गेले.

संध्याकाळी परत आले तर आई झोपली होती. कपाळावरची आठी गेली होती, मूठ उघडी होती, चक्क घोरत होती. किती दिवसांनी. मी दारात उभी राहून डोळे भरून बघितलं आणि स्वयंपाकघरात चहा टाकला. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात ढब्बू आला. दुपारीही येऊन कुलूप बघून गेला असणार. घामाने भिजला होता, नाक पुसत होता. मी दारातच आडवी उभी राहिले.

"आज काही मिळायचं नाही तुला. पाठीवर लावलीय. सगळं कळलंय मला."

त्याने मान खाली घातली. मग एकदम वर केली. "कुठली लावलीस?"

"नवी. मोठी."

"मोठी?" त्याने मला ढकललं आणि खोलीत धावला. मी मागोमाग, मारायच्याच बेताने. तो आईच्या तोंडाशी कान लावून बसला होता. आई घोरली. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा.

"हे घोरणं नाही, ताई," तो म्हणाला. "हे मी ऐकलंय. दोनदा ऐकलंय."

त्याने तिला कुशीवर वळवून गाऊन खाली ओढला आणि पट्टी ओरबाडून काढली. "अँब्युलन्सला फोन कर. आत्ता कर!"

"पण डॉक्टरीणबाईंनीच वाढवून दिलीय..."

"अगं, तिच्या अंगात गेलंच नाही कधी. त्या वाढवत होत्या तो डोस माझा होता. सवय मला आहे. तिला नाही."

फोन कसा लावला ते मला माहीत नाही. पलीकडच्या बाईला पत्ता सांगताना माझी जीभ अडखळत होती. मी माझ्या हाताने लावली होती. तळव्याने दाबून.

ढब्बूने आईला उठवून स्वतःच्या छातीला टेकवलं होतं. तिच्या गालावर चापट्या मारत होता आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता, "आई, श्वास घे. घे. परत घे." तो म्हणायचा तेव्हा ती घ्यायची. तो थांबला की ती थांबायची. म्हणून तो थांबला नाही.

खाली गाडीचा भोंगा वाजला तेव्हा आईने डोळे किलकिले केले. तिची नजर आधी त्याच्या तोंडाकडे गेली, मग त्याच्या मुठीकडे. मुठीतून पट्टीचा कोपरा बाहेर आला होता. आईला हसू आलं.

"मिळाली ना तुला?" ती पुटपुटली.

"हो, आई," तो म्हणाला.

अँब्युलन्सवाले आले. एकाने तिच्या नाकाला नळी लावली, दुसऱ्याने स्ट्रेचर उघडलं. "वेळेवर बोलावलंत," तो म्हणाला. मी पट्टीचं रिकामं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि विचारलं, "आणि अंगावरची पट्टी? काढली ती कुठे आहे?"

ढब्बू भिंतीला टेकून उभा होता. मूठ खिशात.

"मोरीत टाकली," तो म्हणाला. "वाहून गेली."

अँब्युलन्सवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी ढब्बूकडे पाहिलं. माझं फाटकं तोंड उघडलंच नाही. मी आईची चप्पल पिशवीत घातली आणि स्ट्रेचरच्या मागे जिना उतरले.