पहिल्यांना दिलेला शब्द

दुकानावरच्या पाटीवर 'कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील' एवढंच लिहिलं होतं. आत दोन शिलाई मशीन, कापायचं एक लांब टेबल आणि भिंतीला लागून दोऱ्याच्या रिळांची मांडणी. टेबलाशी मावशी उभ्या असायच्या आणि मशीनवर छोटी. छोटी आता आजी झाली होती, डोक्यात काळ्यापेक्षा पांढरं जास्त झालं होतं, पण मावशींनी पहिल्या दिवशी याच नावाने हाक मारली आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाईकंसुद्धा 'छोटीबाई' म्हणायची. नवीन माणूस आलं की आत कुणी लहान मुलगी आहे का, म्हणून मान वाकडी करून बघायचं.

मावशी यहुदी आणि छोटी ख्रिस्ती. त्यामुळे शनिवारी दुकान मावशींच्या शब्बाथसाठी, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसासाठी, बंद आणि रविवारी छोटीच्या चर्चसाठी. "एवढं सुट्टीखाऊ दुकान दुसरं नसेल," असं मावशीच म्हणायच्या.

छोटीची आई याच दुकानात काजं-बटणं करायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मावशी उशाशी बसून तिला म्हणाल्या होत्या, "मुलीला मी हाताखाली घेते. मुलाला शिकवते. शब्द देते तुला." आई गेली. छोटी तेव्हा नुकती वयात आलेली, आणि भाऊ इतका लहान की त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

पोरगं मोठं होताना मावशींना काही कमी त्रास झाला नाही. ते नापास झालं. शाळा बुडवून नदीवर सापडलं. एकदा तर ताटावरून उठत म्हणालं, "तू माझी कोण लागतेस?" मावशी म्हणाल्या, "कुणी नाही. बस, जेवून घे." छोटी मावशींना जन्मभर 'अहो' म्हणत आली, भाऊ मात्र पहिल्यापासून 'ए मावशी'.

पुढे त्याच्यात काय बदललं कोण जाणे, पण एक दिवस त्याने येऊन सांगितलं की तो चर्चच्या सेवेला जाणार आहे, पाळक होणार आहे. मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली. मग गळ्यातली टेप काढून त्याचे खांदे मोजायला लागल्या. "झगा लागेल ना तुला?" काळं कापड त्यांनी स्वतः कापलं, छोटीने शिवलं.

त्याच्या चर्चचा वर्धापनदिन आला तेव्हा त्याने मावशींना आग्रहाने बोलावलं. त्या आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी तो विश्वासावर बोलत होता. देवाने अब्राहामाला हाक मारली, त्याच्याशी करार केला, आणि म्हातारा काहीही न विचारता निघाला, हे त्याने इतकं सुंदर सांगितलं की बायकांनी रुमाल काढले. मग त्याचा आवाज चढला. "पण त्याच्या वंशातल्या यहुदी लोकांनी विश्वास ठेवला नाही. म्हणून देवाने करार मोडला. त्यांचा वारसा काढून आपल्याला दिला. आज ते फक्त इतिहासातले लोक उरले आहेत."

छोटी दुसऱ्या रांगेत होती. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

उपासना संपल्यावर दाराशी मावशींनी त्याचा हात हातात घेतला. "आवाज छान लागला तुझा. झग्याची खालची दुमड सुटली आहे, डावीकडे. दुकानात आणून दे." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेल्या.

दुपारी भाऊ छोटीकडे आला. तिने चहा केला, कप समोर ठेवला आणि भांडी आवरायला लागली.

"ताई, बोलत का नाहीस?"

"एक सांग. देवाने अब्राहामाला शब्द दिला तो किती दिवसांचा होता?"

"कायमचा."

"आणि सकाळी तू म्हणालास तो मोडला."

"त्यांनी विश्वास ठेवला नाही, ताई."

"आणि मी ठेवते?" छोटीने ओले हात पदराला पुसले. "माझा विश्वास सोमवारी असतो, मंगळवारी नसतो. नातू तापाने फणफणला होता तेव्हा मी देवाला काय काय बोलले ते तुला सांगायची सोय नाही. इतकं जुनं नातं त्याने तोडलं असेल, तर मला तो कशाच्या जोरावर धरून ठेवणार आहे?"

शिकताना त्याने अशा प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. त्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मावशीने सगळं ऐकलं असेल?" त्याने विचारलं.

"त्यांचे कान शाबूत आहेत."

त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. छोटी भाजी आणायला जाताना त्याच्या खिडकीवरून जायची, तर तो टेबलावर वाकून वाचत बसलेला. तिने हाक मारली नाही. मावशींनीही विषय काढला नाही. एका गुरुवारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो झगा हातावर घेऊन दारात उभा राहिला.

"घालून स्टुलावर चढ," मावशी म्हणाल्या.

तो चढला. मावशी खाली बसल्या आणि टाचण्या लावायला लागल्या. छोटीने मशीन थांबवलं, मग आपण ऐकतोय हे फारच दिसतंय असं वाटून दोरा न ओवताच पुन्हा सुरू केलं.

"मावशी, मी चुकीचं बोललो," तो म्हणाला. "बायबलात प्रेषिताने यहुद्यांबद्दल लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. तो म्हणतो, जैतुनाचं झाड तुझ्या लोकांचं आहे आणि आम्ही त्यावर कलम केलेल्या रानातल्या फांद्या. मूळ आम्हाला धरून आहे, आम्ही मुळाला नाही. देव दिलेलं देणं परत घेत नाही, हेही तिथेच आहे. इतकी वर्षं वाचतोय आणि त्यावरून नजर फिरवून पुढे जातोय."

"हलू नकोस, टाचणी लागेल."

आणखी दोन-तीन टाचण्या लावून झाल्या. मग मावशी खाली बघतच म्हणाल्या, "राग आला मला. घरी जाऊन भांडी घासत बसले, घासलेली होती तीसुद्धा. वाटलं, माझ्या हाताखाली एवढा झाला आणि मलाच इतिहासात टाकून मोकळा झाला."

"माफ कर मला."

"तुला नाही करणार तर कुणाला करणार?"

छोटीचं मशीन रिकामंच धावत होतं. भावाने घसा साफ केला. "पण एक सांगतो, मावशी, लपवणार नाही. देवाचं अभिवचन येशूत पुरं झालं, असं मी मानतो. तुलाही तो कळावा असं मला वाटतं."

"लपवणार असतास तर झग्याचं कापड कशाला कापलं असतं मी?" मावशींनी मान वर केली. "मला ते पटत नाही, ते तुला ठाऊक आहे. माझ्यासाठी प्रार्थना करतोस?"

"रोज."

"करत जा. मीही तुझं नाव घेते. फक्त माझं घर मोडलं असं देवाच्या तोंडी घालू नकोस. त्याने मला तसं काही कळवलेलं नाही."

तो हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे टिपले.

"बाही खराब करू नकोस," मावशी म्हणाल्या. "आणि छोटे, त्या मशीनमध्ये दोरा घाल आता."

रविवारी त्याने मंडळीसमोर सगळं सरळ सांगितलं. मंडळीतले एक वडीलधारे पंच जागेवरून उठले. "पाळकसाहेब, मागे तुम्ही उलटं सांगितलं होतं."

"हो. ते चुकलं होतं," तो म्हणाला. "देवाने पहिल्यांना दिलेला शब्द मागे घेतला असता, तर आपल्याला दिलेल्या शब्दावर मी तरी कुठल्या तोंडाने विश्वास ठेवायला सांगू?"

कुजबुज झाली. दोन कुटुंबं त्याच्याशी न बोलता निघून गेली आणि पंचांनी हात मिळवला तो नुसता बोटांनी. पण एक निवृत्त शिक्षिका त्याचा हात सोडेनात. त्यांचा मुलगा कधीचा चर्चला यायचा थांबला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. "देव शब्द सोडत नाही म्हणालात," त्या म्हणाल्या, "मी आता तेच धरून बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी छोटीने हे सगळं दुकानात सांगितलं. मावशी कोटाचं कापड आखत होत्या. ऐकता ऐकता खडूची रेघ वाकडी गेली. त्यांनी ती झटकून पुसली, पुन्हा ओढली, आणि म्हणाल्या, "त्या पंचांची पँट आपल्याकडे कमरेत सैल करायला आली आहे. जरा नीट कर. आधीच घुश्शात असतील."

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतो, म्हणून दुकान लवकर बंद केलं. मावशींचे गुडघे धरले होते, म्हणून भाऊ-बहीण त्यांना सोडायला जिना चढून त्यांच्या घरापर्यंत गेले. मावशींनी टेबलावर पांढरी चादर घातली, दोन मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात धरून पुटपुटल्या. छोटी आणि भाऊ दाराशीच घुटमळले होते.

"आत या," मावशी म्हणाल्या. "शब्बाथ लागताना आमच्यात मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मला मूल नाही, म्हणून मी कधी दिला नाही. इतकी वर्षं मनात होतं, पण वाटायचं, तुम्हाला चालेल की नाही."

भाऊ पुढे झाला. उंच माणूस, त्याला बराच वाकावं लागलं. मावशींनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि हळू आवाजात काही म्हटलं. मग छोटीला जवळ ओढलं. तळव्यांना खडूचा वास होता. तो स्पर्श इतका हलका होता की छोटीला श्वासही मोठ्याने घ्यावासा वाटेना.

"काय म्हणालात, अहो?" तिने नंतर विचारलं.

"देव तुझं रक्षण करो, तुझ्याकडे प्रसन्न तोंडाने बघो, तुला शांती देवो. एवढंच."

भाऊ मावशींकडे बघतच राहिला. "दर रविवारी शेवटी मी मंडळीला हेच म्हणतो."

"मग म्हण की," मावशी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. "मला कधी कुणी म्हणत नाही."

त्याने त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. आवाज न चढवता, एकेक शब्द सावकाश उच्चारत तो ते म्हणायला लागला.