एसेताचे क

आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियातल्या आमच्या कचेरीत एकतीस हजार फायली होत्या आणि त्यांतलं काहीही सापडत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या ध्वनिफिती ऐकून टाइप केलेल्या या आठवणी. कॅसेटींवरच्या नावांच्या चिठ्ठ्या एका वादळात गेल्या, उरले नुसते आकडे. याला आम्ही 'राष्ट्रीय ठेवा' म्हणायचो. ठेवला होता, एवढं खरं.

एक्क्याऐंशी वर्षांच्या सेपोलाआजी दर शुक्रवारी यायच्या. त्यांची धाकटी बहीण दहा दिवसांची होऊन गेली. तिचं नाव फक्त आईला ठाऊक, आणि आईने ते एकदाच उच्चारलेलं, आमच्या फितीवर. आता अंगणातल्या थडग्यांना नव्या फरशा बसत होत्या आणि त्या एका थडग्यासाठी गवंडी थांबला होता.

त्या शुक्रवारी आमच्या साहेबीण लुसिया दोन सॉफ्टवेअरमधून एक निवडणार होत्या. पहिलं ऑकलंडहून आलं होतं, सोबत ग्रेग नावाचा विक्रेताही.

"आजी, काय शोधू?" मी विचारलं.

"तेइने पो सेफुलु. आई तिला तेच म्हणायची."

दहा रात्रींची मुलगी. सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला आणि नम्रपणे विचारलं, 'तुम्हाला दहा डुकरं म्हणायचं आहे का?'

"डुकरं नंतर," आजी म्हणाल्या. "फरशी बसली की, जेवणाला."

दुसरं सॉफ्टवेअर फुकटचं, रूपाने विधवेच्या पेटीसारखं ओकंबोकं. त्याला काहीच कळत नव्हतं. पण शिकवलेलं ऐकायचं. आणि मला एकदम आमची जुनी टायपिस्ट एसेता आठवली.

आम्ही घरात क आणि ङ बोलतो, कागदावर त आणि न लिहितो. तेइने म्हणजे मुलगी. चुलीपाशी तीच केइंगे होते. पण लिहिताना क वापरणं म्हणजे बनियनवर चर्चला जाणं. सगळ्या टायपिस्टांनी म्हाताऱ्यांना कोट चढवले होते. एकट्या एसेताने कानावर पडलं तसं टाइप केलं, आणि त्यापायी जन्मभर अडाणी म्हणवून घेतलं.

"सरकारी कचेरीत क?" लुसिया कुजबुजल्या.

मी नियम लिहिला: त आणि क एक समजावा, न आणि ङ एक समजावा. मग शोध सुरू केला.

एसेताच्या फायलींतल्या ओळी वर सरकू लागल्या. तीस वर्षं कुठल्याच शोधात न सापडलेली माणसं एकामागून एक बोलू लागली. कुणी भांडत होतं, कुणी मासे मोजत होतं, कुणी मेलेल्या नवऱ्याला जेवायला बोलावत होतं. वडीलधारी बोलत असताना आमच्यात कुणी उभं राहत नाही. लुसिया कधी जमिनीवर बसल्या, मला कळलं नाही. मीही बसलो. ग्रेगसुद्धा बसला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आजींनी पडद्यावर बोट ठेवून आईची ओळ वाचली. "माझी दहा रात्रींची मुलगी. माकांगिउ."

मग लुसिया हळूच म्हणाल्या, "आजी, फरशीवर मात्र मातानिउ हवं हं. पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"पोरी, दहा रात्री तिने आईच्या तोंडून हेच ऐकलं," आजी म्हणाल्या. "शाळेत गेली असती, तर घातला असता तिने त."

लुसियांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कागदावर सही केली. गवंड्याने मात्र क कोरण्याआधी दोनदा माणूस पाठवून विचारलं.