ओल्या वाळुंजाला भोकं पाडताना

वाळुंजाची काठी ओली असतानाच सोलायची, ओली असतानाच वाकवायची आणि भोकंही ओलेपणीच पाडायची. वाळली की ती भोकाशी उकलते. इसिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठाला, आमच्या गावात, तंबूघरांचे सांगाडे करणाऱ्या प्रत्येक अंगणात हेच चालतं. साल काढताना मी गुणगुणते:

सोल गं बाई सोल, वाळुंजाची साल,
आत गोरी नवरी, वर हिरवी शाल.

माझा नवरा दोरोनबेक ड्रिल घेऊन बसे. एका सांगाड्याला शेकडो भोकं. हिवाळ्यापासून त्याच्या हाताला झिणझिण्या येऊ लागल्या होत्या. मग एकदा सबंध दंडच झटकला गेला आणि ड्रिल लांब जाऊन पडलं.

ते ड्रिल तुर्गुनालीच्या दुकानातलं. तुर्गुनाली म्हणजे दोरोनबेकचा कुर्दाश, एकाच वर्षी जन्मलेला सवंगडी. कुर्दाशांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्याने रागावू नये, अशी आमच्याकडे रीत. नोरूझच्या, म्हणजे नववर्षाच्या सणानंतर चार दिवसांनी तो घरी आला, तेव्हा दोरोनबेकने ड्रिलबद्दल कुरकुर केली.

"म्हाताऱ्या गाढवा," तुर्गुनाली हसत म्हणाला, "ड्रिलला कशाला नावं ठेवतोस? तुझ्या हाडांत वारं शिरलंय. नातवंडं सांभाळ आता!"

"तुझ्या ढेरीत शिरलंय वारं. सुई टोचली तर तळ्यापलीकडे जाऊन पडशील."

दोघंही पोट धरून हसले. निघताना तुर्गुनालीने बुटांवर चढवायचे नवेकोरे रबरी जोडे माझ्या हातात ठेवले. "वहिनी, हा रेडा ओल्यात बसतो. कामाला बसला की हे घालायला लावा." माझे डोळे भरून आले. सख्ख्या भावानेही इतकं जपलं नसतं.

पण त्या दिवसापासून माझा नवरा स्वतःच्या हाताकडे परक्यासारखा बघू लागला. सवंगडी थट्टेत बोलला, ते त्याने खरं धरलं. जूनमध्ये तो ड्रिलसकट आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात.

"हा शेवटचा सांगाडा, सायरा," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "हात गेला माझा."

मला ते पटेना. चाळीस वर्षं तो हात मी पाहिलेला. ड्रिल फडक्यात बांधून मी काराकोल शहरात गेले, दुरुस्तीवाल्या इस्मारकडे. त्याने चष्मा पुसून वरचा नंबर वाचला आणि पटकन हात मागे घेतला.

"ताई, अजून हे वापरता? कंपनीने मार्चच्या सुरुवातीलाच ही सगळी परत मागवलीत. आतलं इन्सुलेशन तडकतं. ओल्या हाताला शॉक बसतो."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही."

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी वाचून दाखवू लागली, "दोरोनबेक… हो, नोंद आहे. दुकानदाराने समक्ष भेटून कळवलं. ग्राहकाने परत द्यायला नकार दिला. पंचवीस मार्च."

पंचवीस मार्च. नोरूझच्या सणाची खीर अजून कढईला चिकटलेली होती, आणि रबरी जोडे माझ्या हातात होते.

गावातली सगळी ड्रिलं तुर्गुनालीच्याच दुकानातली. परतताना मी प्रत्येक अंगणात शिरले, "पिन काढा, आधी पिन काढा," म्हणत. मग घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो नुसता बोटांकडे बघत राहिला.

"म्हणजे हात माझा धड होता," तो म्हणाला. "आणि हे तुर्गुनालीला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी तुर्गुनाली आला. गावात बोभाटा झालेलाच होता.

"काय रे लुळ्या! बायकोला गावभर पिटाळलंस?" आवाज नेहमीचा, डोळे मात्र जमिनीकडे. "अरे, तीस जणांनी परत आणून आपटली असती, तर पुन्हा कोण चढलं असतं माझ्या पायरीवर? म्हटलं, पायात रबर आहे ना. काही होत नाही."

दोरोनबेक उठला. दारासमोरच्या मानाच्या जागी त्याने स्वतः गादी घातली. तिथे आम्ही परक्याला बसवतो. तुर्गुनाली आजवर कधी तिथे बसला नव्हता.

"या पाहुणे, इकडे बसा."

तुर्गुनाली हसला. एकटाच. मग त्याचं हसू सुकलं. "शिवी दे की रे! चोर म्हण, कुत्रा म्हण! दोरोन, बोल ना काहीतरी!"

माझ्या नवऱ्याने डाव्या हाताने रोटी मोडली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"घ्या," तो म्हणाला. "लांबून आलात."

तुर्गुनालीचं घर आमच्यापासून चौथं.